‘नंबर नाही लागला तर ओटी घ्या’ या फॉरवर्डला उत्तर

नीटचा निकाल लागला की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. त्याचा सारांश असा : ‘ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) म्हणजे फिजिओच, फक्त मागणी कमी. काम मुलांना खेळवायचं. त्यासाठी चार-पाच वर्षं कशाला, सहा महिन्यांचा डिप्लोमा पुरतो. इथे नोकऱ्या नाहीत, पण पदवी मिळाली की परदेश पक्का.’ या मेसेजवर विसंबून मुलं आयुष्याचे निर्णय घेतात, म्हणून एकेक मुद्दा पाहू.

‘ओटी म्हणजे फिजिओच.’ शरीररचना, शरीरक्रिया हे विषय दोन्हीकडे आहेत, पुढेही रुग्ण बहुतेकदा सामायिक असतो. पण अर्धांगवायूनंतर खांदा थोडाफार हलू लागला तरी माणसाला सदरा घालता येत नाही, आणि ओटीचा प्रश्न तिथे सुरू होतो : रोजची कामं पुन्हा स्वतःला कशी करता येतील? सदरा मांडीवर पसरायचा, लुळ्या हाताची बाही आधी चढवायची, ती कोपराच्या वर ओढून घ्यायची, मग चांगला हात. काढताना क्रम उलटा. घरचे घाईत चांगला हात आधी घालतात आणि लुळा हात मागे खेचतात. सैल पडलेला खांदा अशाच ओढाताणीने दुखावतो, आणि खांदा दुखला की रुग्ण हात वापरणंच सोडतो.

स्प्लिंटचं, म्हणजे हात योग्य स्थितीत धरून ठेवणाऱ्या आधारपट्टीचं उदाहरण आणखी बोलकं आहे. दंडाचं हाड मोडून रेडियल नस दुखावली की मनगट लोंबकळतं. बोटं मिटता येतात, पण मनगट खाली पडलेलं असल्याने पकडीत जोर राहत नाही. त्यासाठी साधारण ३ मिलिमीटर जाडीची थर्मोप्लास्टिक (उष्णतेने मऊ होणाऱ्या प्लास्टिकची) शीट ७० अंशांच्या आसपासच्या पाण्यात मऊ करून मनगट २० ते ३० अंश वर ठेवून साच्यासारखी बसवतात. हाताशी वेळ काही मिनिटांचाच, तेवढ्यात शीट कडक होते. लांबी कोपराखालच्या हाताच्या दोन-तृतीयांश हवी. आखूड ठेवली तर कड रुतते. पुढची कड तळहातावरच्या आडव्या रेषांच्या पुढे गेली तर मूठच वळत नाही. करंगळीच्या बाजूला मनगटाचं हाड वर येतं, तिथे पॅड आधी ठेवून त्यावरून शीट बसवायची. नंतर आत पॅड चिकटवला तर जागा कमी होऊन दाब उलट वाढतो. स्प्लिंट काढल्यावर २० मिनिटांनीही लाली टिकली, तर ती जागा पुन्हा गरम करून मोकळी करायलाच हवी.

‘मुलांना खेळवायचं काम.’ मुलांच्या थेरपीत झोपाळा दिसतो, त्यामागचा हिशेब दिसत नाही. एका रेषेत संथ झोका बहुतेक मुलांना शांत करतो, गरगर फिरवणं उत्तेजित करतं. मूल फिकट पडलं, घामेजलं किंवा मळमळू लागलं तर तत्काळ थांबायचं. फिट येणाऱ्या मुलाबाबत डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरूच करायचं नाही. (झोपाळ्याचा हुक आरसीसी स्लॅबमध्येच हवा, फॉल्स सीलिंगमध्ये कधीच नको.)

‘सहा महिन्यांचा डिप्लोमा पुरतो.’ हा मुद्दा सर्वांत घातक आहे. अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यानुसार हेल्थकेअर प्रोफेशनलसाठी किमान ३,६०० तासांचं, ३ ते ६ वर्षांत विभागलेलं पदवी शिक्षण लागतं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट याच गटात येतो. रोज ६ तास, महिन्याला २५ दिवस धरले तरी सहा महिन्यांत ९०० तास भरतात. फी भरण्याआधी संस्थेला एकच विचारा : या प्रमाणपत्रावर ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून या कायद्याखालच्या राज्य परिषदेची नोंदणी मिळते का? उत्तर लेखी घ्या.

‘इथे नोकऱ्या नाहीत.’ सरकारी आणि पालिकेच्या जागा मोजक्या आहेत, हे मान्य. पण हाताच्या शस्त्रक्रिया, भाजलेले रुग्ण, मेंदू आणि मणक्याचं पुनर्वसन, विशेष शाळा, मनोरुग्णालयं असं क्षेत्र पसरलेलं आहे. पहिली नोकरी अनेकदा बालथेरपी केंद्रात मिळते. तिथे पगार ठरावीक की सेशनमागे, हे रुजू होण्याआधी विचारावं, कारण मे महिन्यात आणि दिवाळीत मुलं गावी जातात आणि सेशन गळतात.

‘परदेश पक्का.’ कमला निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएममध्ये हे शिक्षण सुरू केलं आणि १९५२ मध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्टांचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा भारत संस्थापक देशांत होता. तरीही थेट दार उघडत नाही. अमेरिकेत या व्यवसायात प्रवेशाची पदवीच मास्टर्स किंवा त्यावरची आहे. त्यानंतर पात्रतेची छाननी, एनबीसीओटी या तिथल्या प्रमाणन मंडळाची परीक्षा आणि राज्याचा परवाना. ब्रिटनमध्ये एचसीपीसी या आरोग्य व्यवसायांच्या नियामक संस्थेची नोंदणी लागते. जागतिक महासंघाचा निकष किमान १,००० तास प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा आहे. म्हणून कॉलेजला महासंघाची मान्यता आपल्या प्रवेशवर्षासाठी आहे का ते पाहावं आणि रुग्णालयातल्या प्रशिक्षणाच्या पहिल्या पोस्टिंगपासून लॉगबुकवर विभाग, तारखा, तास लिहून सही-शिक्का घ्यावा. पाच वर्षांनी विभागप्रमुख बदललेले असतात, जुने तास प्रमाणित करून द्यायला कोणी तयार होत नाही.