अठरापर्यंत थांबा म्हणे!

रविवारी कोथरूडच्या मावशीने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. माझ्या मामेबहिणीची मुलगी अकरा वर्षांची आहे, चालताना तिचे गुडघे एकमेकांना घासतात. तिच्या छोट्या ऑपरेशनची तारीख ठरली होती. 'होती', कारण तो फॉरवर्ड वाचून बहिणीने ती रद्द केली.

मजकूर असा: 'लेझर रोबोटने हाड न कापता एका दिवसात पाय सरळ. रिंग लावणे जुनाट. अठरापर्यंत मुलांच्या हाडाला हात लावू देऊ नका, ते कायमचे कमजोर होते.' खाली 'पुण्यातील नामवंत सर्जन'. कोण ते नाही!

अठराचं आधी, कारण नुकसान तिथेच आहे. हिच्या ऑपरेशनमध्ये हाड कापायचंच नाहीये. गुडघ्याच्या आतल्या बाजूला, वाढणाऱ्या कूर्चेवर, म्हणजे हाड जिथून वाढतं त्या मऊ थरावर, दोन स्क्रूंची इवलीशी पट्टी बसवतात. ती बाजू थबकते, दुसरी वाढत राहते, पाय हळूहळू सरळ होतो. मग पट्टी काढतात. हे सगळं हाड वाढत असेपर्यंतच. मुलींची गुडघ्याजवळची वाढ साधारण चौदाच्या सुमारास थांबते, मुलांची सोळाच्या. अठराव्या वर्षी या पट्टीचा उपयोग शून्य. तेव्हा मात्र हाड कापावंच लागेल. म्हणजे ज्याची भीती घातली, तेच पदरात.

दोन-तीन वर्षांच्या पोरांचे वाकडे पाय बहुतेक वेळा आपोआप सरळ होतात, तिथे 'थांबा' ठीक. पण अकराव्या वर्षी?

एका दिवसाचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. बाक थोडा असेल तर हाड कापून, सरळ करून, प्लेट लावून एकाच ऑपरेशनमध्ये काम होतं. पण कापूनच! लेझरने हाड वाकत नाही. बाक मोठा असेल तर नसा आणि रक्तवाहिन्या एकदम ताणता येत नाहीत, म्हणून रिंग: पायाभोवती बाहेरून बसवलेली, तारांनी हाडाला जोडलेली चौकट. तिने कापलेलं हाड रोज थोडं थोडं ताणत सरळ करतात. ही रिंग काढणारे सायबेरियातल्या कुर्गानचे सर्जन इलिझारोव्ह, त्यांनी कुत्र्यांच्या नडगीवर ताणण्याचे वेग तपासले, ते 1989 साली छापून आलं: दिवसाला अर्धा मिलिमीटर ताणलं तर हाड वेळेआधीच जुळून बसतं, दोन ताणलं तर आजूबाजूच्या ऊतींना इजा होते, एक बरोबर. आजच्या सहा दांड्यांच्या रिंगेत कोणती दांडी रोज किती फिरवायची हे कम्प्युटर काढून देतो. हाडाची घाई त्यालाही करता येत नाही.

कमजोरीचं काय बोलायचं! मोडलेलं हाड जुळून माणसं सिंहगड चढतात.

बहिणीने काल पुन्हा फोन केला. तारीख आता पुढच्या महिन्यातली मिळाली आहे.