‘तेलाचा हीटर वीज खात नाही’ आणि बाकीच्या थापा

‘एका निवृत्त इलेक्ट्रिकल इंजिनिअरचा अनुभवी सल्ला, जरूर वाचा’ अशा मथळ्याचं एक ढकलपत्र थंडी पडली की उगवतं. यंदा ते माझ्या मावशीपर्यंत पोचलं. मावशी हिशेबाला पक्की, सहसा कोणाच्या सांगण्याला भुलत नाही. पण ‘इंजिनिअर’ हा शब्द वाचला आणि तिने खोलीत पाण्याचं पातेलं भरून ठेवलं, चांगला चालू हीटर माळ्यावर टाकला आणि मला फोन केला, "अगं, तेलाचाच घेऊ ना? तो म्हणे एकदा तापला की वीजच खात नाही."

मी स्वतः विजेच्या कामातली. त्यामुळे तो संदेश मागवून शेवटपर्यंत वाचला, आणि डोकं तापलं. त्यातले दावे असे: तेलाचा हीटर तापल्यावर फुकट चालतो. साधा हीटर खोलीतला ऑक्सिजन जाळतो, म्हणून शेजारी पाण्याचं भांडं ठेवा. भांडं ठेवलं की वीज गेल्यावर बंद खोलीत कोळशाची शेगडीसुद्धा चालते. हीटर बंद-चालू करण्यापेक्षा दिवसरात्र चालू ठेवणं स्वस्त. सॉकेटमध्ये खोचायचा छोटा हीटर अख्खं घर तापवतो आणि एक्स्टेंशन बोर्डावरही बिनधास्त चालतो. इन्फ्रारेडने कॅन्सर होतो. आणि हीट पंप म्हणजे नुसता ‘उलटा चालणारा एसी’, निव्वळ कंपन्यांचं फॅड, कडाक्याच्या थंडीत तो निकामी.

शेगडीपासूनच सुरुवात करते. बाकीच्या बहुतेक मुद्द्यांनी फार तर बिल वाढेल, या मुद्द्याने माणसं जातील.

मुळात विजेच्या हीटरमध्ये काही जळतच नाही. जळायला इंधन लागतं. हीटरमध्ये असते निक्रोमची तार, म्हणजे निकेल आणि क्रोमिअमचा मिश्रधातू. तिच्यातून वीज वाहिली की ती तापते, बास. तापलेल्या तारेवर क्रोमिअम ऑक्साइडचा अगदी पातळ थर धरतो खरा, पण तोच थर पुढे आतल्या धातूला हवा लागू देत नाही. अल्बर्ट मार्श यांना 1906 मध्ये ज्या मिश्रधातूचं पेटंट मिळालं, त्याची सगळी करामत हीच आहे. तार ‘ऑक्सिजन जाळत’ असती तर एका हिवाळ्यात तिची राख झाली असती.

आता ते पातेलं. पाण्यातून ऑक्सिजन येतो आणि खोलीतला तुटवडा भरून निघतो, असं संदेश म्हणतो. आकडे मांडू. खोलीच्या तापमानाला एक लिटर पाण्यात साधारण 8 ते 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. वायुरूपात तो भरतो जेमतेम सहा-सात मिलिलिटर. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला सुमारे 250 मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. म्हणजे त्या लिटरभर पाण्यातला थेंबन् थेंब ऑक्सिजन हवेत आला (तो येत नाही, ते सोडा), तरी एका माणसाचे दोन सेकंदसुद्धा भागत नाहीत. एवढ्या आधारावर लोक रात्रभर निश्चिंत झोपतात.

आणि त्याच निश्चिंतपणे कोणी शेगडी आत घेतली तर? कोळसा मात्र खरोखर जळतो. खोली बंद असली की तो अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे खोलीत ऑक्सिजन भरपूर असला तरी तो शरीरात पोचत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते. झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. हा वायू पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेव्हा पातेलं काय, हौद भरून ठेवला तरी उपयोग शून्य. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही हेही खोटं. रसरशीत पेटलेले निखारे धूर करत नाहीत, वायू सोडतच राहतात. बंद खोलीत शेगडी नाही म्हणजे नाही. हा एक मुद्दा लिहिणाऱ्याला मी माफ करू शकत नाही.

पातेल्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल करते. हीटर लावल्यावर घसा कोरडा पडतो, ओठ फुटतात, हा अनुभव खरा आहे. पण तो ऑक्सिजनचा प्रश्न नाही. हवा तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता वाढते. 10 अंशांना 80 टक्के आर्द्रता असलेली हवा 20 अंशांपर्यंत तापवली, तर तेवढ्याच बाष्पाची आर्द्रता 43 टक्क्यांच्या आसपास भरते. म्हणून कोरडं वाटतं. त्यासाठी पाणी ठेवायचं तर ठेवा, थोडाफार फरक पडेल. फक्त हीटरच्या अंगावर किंवा सांडलं तर वायरीपर्यंत जाईल असं नको. आणि हा कोरडेपणा सगळ्या हीटरांचा सारखाच. तापमान तेवढंच वाढवलंत तर तेलाचा हीटर घ्या नाहीतर कॉइलचा, आर्द्रता तेवढीच उतरणार.

आता मावशीचा प्रश्न. तेलाच्या हीटरमधलं तेल हे इंधन नाही. ते हीटरच्या बंद, पोकळ पात्यांमध्ये फिरत राहतं, कॉइलची उष्णता घेतं आणि सावकाश सोडतं. कॉइल बंद झाल्यावर तो तासभर कोमट राहतो यात जादू कसली? ती उष्णता आधी मीटर फिरवूनच आत गेलेली असते, आणि तापायला लागलेल्या वेळेत खोली गारच असते. उधार आधी दिलं आणि नंतर परत मिळालं, त्याला कमाई म्हणत नाहीत.

याबाबत अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचं मार्गदर्शन अगदी सरळ आहे: कॉइल तापवून चालणाऱ्या हीटिंगमध्ये आत आलेल्या सगळ्या विजेची उष्णता होते, म्हणजे कार्यक्षमता 100 टक्के. हे सगळ्याच प्रकारांना लागू आहे. रॉडचा, ब्लोअरचा, तेलाचा, सिरॅमिकचा, भिंतीवरच्या पॅनेलचा, सगळ्यांना. 1500 वॅटचा कुठलाही हीटर तासभर पूर्ण चालला तर दीड युनिट जळणार आणि दीड युनिटाचीच ऊब मिळणार. दुकानदार ‘हा 40 टक्के वीज वाचवतो’ म्हणाला तर विचारा, कशाच्या तुलनेत? 100 टक्क्यांवर 40 टक्के कुठून आणणार?

मग लोकांना तेलाच्या हीटरचं बिल कमी आलेलं दिसतं ते खोटं का? नाही. त्याला थर्मोस्टॅट असतो. खोली हवी तेवढी तापली की कॉइल आपोआप बंद होते. जुन्या लाल रॉडच्या हीटरला बहुधा थर्मोस्टॅट नसतो, तो कोणी उठून बंद करेपर्यंत धगधगतच राहतो. वाचलं ते थर्मोस्टॅटमुळे, तेलाचं नाव झालं. थर्मोस्टॅटवाला ब्लोअर घेतलात तरी तेच वाचेल. मावशीने माळ्यावर टाकलेल्या हीटरलाही थर्मोस्टॅट आहे, हे मी तिला फोनवरच सांगितलं.

प्रकार निवडायचा तो ऊब कशी हवी यावर. टेबलाशी बसून काम करायचं आणि बाकी खोली गार राहिली तरी चालणार असेल, तर समोरून किरण टाकणारा इन्फ्रारेड. तो थेट अंगाला ऊब देतो, हवा तापायची वाट बघावी लागत नाही. अंघोळीनंतर कपडे बदलायच्या खोलीत दहा मिनिटांसाठी ब्लोअर. रात्रभर आवाज नको, लाल उजेड नको, एकसारखी ऊब हवी, तर तेलाचा. तेलाच्या हीटरचा खरा गुण हाच: शांत असतो आणि त्याचा पृष्ठभाग कॉइलसारखा लालबुंद होत नाही. वीज न खाणं हा त्याचा गुण नाही.

दिवसरात्र चालू ठेवण्याचा सल्ला कुठून निघाला देव जाणे. आत आणि बाहेर तापमानात जेवढा फरक, त्या प्रमाणात भिंती-खिडक्यांतून उष्णता निसटते. खोली रिकामी असताना गार पडू दिली की निसटणंही कमी होतं. पुन्हा तापवायला लागणारी वीज या बचतीपेक्षा कमीच भरते. याच ऊर्जा विभागाच्या मते दिवसातले आठ तास थर्मोस्टॅट 4 ते 5 अंश सेल्सिअस उतरवला, तर हीटिंगच्या वर्षाच्या खर्चात 10 टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते. हीट पंपाचं गणित जरा वेगळं असतं, तो फार खाली-वर केलेला बरा नाही. संदेश मात्र कॉइलच्या हीटरबद्दल बोलतोय.

छोटा खोचता हीटर: बहुतेक 400-500 वॅटचा. बसलेला प्रौढ माणूस साधारण 100 वॅट उष्णता बाहेर टाकतो. चार-पाच पाहुणे आले म्हणून अख्खं घर तापल्याचं आठवतंय का कोणाला? नेहमीच्या उंचीच्या, बऱ्यापैकी बंदिस्त खोलीला ढोबळमानाने चौरस फुटाला 10 वॅट धरतात. 150 चौरस फुटांना 1500 वॅट. 400 वॅटमध्ये फार तर पाय शेकतील.

एक्स्टेंशनचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. 2000 वॅटचा हीटर 230 व्होल्टवर जवळपास 8.7 अँपिअर ओढतो, तेही तासन्‌तास. बोर्डातली पट्टी सैल झाली आणि पिनेशी नुसता अर्धा ओहम रोध आला, तर तेवढ्या टिचभर जागेत 38 वॅट उष्णता साठू लागते. सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं आणि त्याने धातू वितळतो. इथे भोवती प्लॅस्टिक आहे. असे कितीतरी बोर्ड मी उघडलेत. आधी भोकाभोवती पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, पिन काढताना ती चिकटते आणि मासळीसारखा उग्र वास येतो. बहुतेक वेळा वायर ठीक असते, गेलेलं असतं ते तोंड, म्हणजे पिन शिरते ती जागा. फ्यूज किंवा एमसीबी यात मदतीला येत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. हीटर थेट भिंतीतल्या, तेवढा भार पेलणाऱ्या सॉकेटला लावायचा. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. चटका बसण्याइतका गरम लागला तर हीटर बंद करा आणि सॉकेट बदलून घ्या.

इन्फ्रारेड आणि कॅन्सरचं फार ताणत नाही. हे किरण म्हणजे उष्णतेचे किरण, तुमच्या-माझ्या अंगातूनही निघतात. क्ष-किरणांसारखी पेशींमधले रेणू मोडण्याची ताकद त्यांच्यात नाही. रोज तासन्‌तास पायाजवळ हीटर ठेवून बसलात तर कातडीवर जाळीदार तांबूस-तपकिरी डाग उठतात, एवढं खरं. लांब बसा.

राहिला हीट पंप, आणि इथे संदेशवाल्याला अर्धे गुण द्यावे लागतात. तो ‘उलटा चालणारा एसी’ आहे हे बरोबर आहे. पण म्हणूनच 100 टक्क्यांची मर्यादा त्याला नाही. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या गार हवेतली उष्णता ओढून आत आणतो. म्हणून एका युनिटात तीन युनिटांची ऊब मिळू शकते. कल्पना शास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांनी 1852 मध्येच मांडली होती, त्यामुळे फॅड म्हणायला जरा उशीरच झालाय. बाहेर पारा उतरतो तशी त्याची कामगिरी घसरते, हेही खरं. पण निकामी? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या 2022 च्या अहवालानुसार नॉर्वेतल्या 60 टक्के इमारतींमध्ये हीट पंप आहेत. नॉर्वेत थंडी पडते असं ऐकून आहे.

बसवायचा खर्च मोठा असतो, बाहेर युनिटला जागा लागते आणि भाड्याच्या घरात मालकाची परवानगी लागते. वर्षातले चार-पाच महिने दिवसभर घर तापवावं लागत असेल तर तो खर्च वसूल होतो. महिनाभर, तेही संध्याकाळचे दोन तास ऊब हवी असेल तर होत नाही. अशा घराने आधी दारा-खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात, रात्री जाड पडदे ओढावेत, आणि थर्मोस्टॅट, कलंडल्यावर आपोआप बंद होणारा स्विच आणि जास्त तापल्यास वीज तोडणारं कटऑफ, या तीन गोष्टी खोक्यावर लिहिलेल्या बघून खोलीच्या मापाचा कुठलाही हीटर घ्यावा. पडदे, गादी, वाळत घातलेले कपडे त्याच्यापासून निदान तीन फूट दूर.