धूर पकडणारे यंत्र घेताना

आपली फौंड्री बेळगावच्या उद्यमबागेत, मच्छे येथे किंवा होनग्याला असेल आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्राच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली असेल, तर प्रदूषण नियंत्रणाचे यंत्र घेण्याचा मुहूर्त आला असे समजावे. त्यापूर्वी घेणे म्हणजे उतावीळपणा होय. हवेचा कायदा १९८१ सालचा आहे, तो आणखी थोडा थांबेल.

पुण्या-कोल्हापूरहून चार कोटेशने मागवावीत आणि त्यांतला शेवटचा आकडा तेवढा वाचावा. कापडी पिशव्यांतून धूर गाळणारा बॅग फिल्टर सुचवणाऱ्यास चहा पाजून वाटेला लावावे, कारण त्याच्या पिशव्या फाटतात, त्या झटकायला कंप्रेसरची हवा लागते, आणि पॉलिएस्टरची पिशवी साधारण १३० अंशांपुढे टिकत नसल्याने क्युपोलाचा, म्हणजे लोखंड वितळवण्याच्या भट्टीचा, वायू आधी थंड करावा लागतो. धुराचे एवढे लाड कोण करणार? त्यापेक्षा सायक्लोन घ्यावा. त्यात फिरणारा भागच नसतो. तो जाड धूळ गरगर फिरवून खाली पाडतो आणि फुप्फुसात खोलवर उतरणारी बारीक धूळ सन्मानाने वर पाठवतो. माहितीपत्रकातील ‘९९ टक्के धूळ पकडतो’ या दाव्यावर मात्र शंका घेऊ नये. ती टक्केवारी वजनावर काढलेली असते. दहा मायक्रॉनचे ९९ कण पकडून एक मायक्रॉनचे हजार कण सोडले, तरी ९९ टक्केच गुण पडतात. आमच्या शाळेत असे गणित नव्हते, याची हळहळ वाटते.

तासाला तीन टनांहून कमी क्षमतेच्या क्युपोलाला घनमीटरमागे ४५० मिलिग्रॅम धूळ चालते, तीन टन व त्यापुढे १५०. तेव्हा आपला क्युपोला कागदावर पावणेतीन टनांचाच असावा, हे सांगणे न लगे.

यंत्र बसले की हार घालून फोटो काढावा आणि पंख्याचा स्विच बंद करावा, कारण विजेचे बिल पंख्याचे येते, धुराचे येत नाही. एका परिचितांच्या कारखान्यात मी यंत्रातील हवेच्या दाबाचा फरक दाखवणारा मॅनोमीटर पाहिला आहे: भट्टी रसरसलेली, आणि काचेच्या नळीतले लाल पाणी दोन्ही बाजूंना एकाच पातळीवर, स्थितप्रज्ञासारखे. शेजारी चिमणीची शिडी होती. तिच्या खालच्या चार पायऱ्या गंजून गेल्या होत्या. त्या दुरुस्त करू नयेत, असे त्यांनी मला बजावले. धुराचा नमुना घेण्याचे भोक वर असते, आणि तिथवर चढता आले नाही, तर दोष गंजाचा.

मजगाव-अनगोळकडच्या एखाद्या काकू गच्चीवरचे काळवंडलेले सांडगे घेऊन दारात येतील. त्यांचा अर्ज मराठीत, मंडळाची नोटीस कन्नडमध्ये आणि आपले कोटेशन इंग्रजीत असल्यामुळे तिन्ही कागद एकाच फाईलला लावण्यास हरकत नाही. ते एकमेकांशी बोलणार नाहीत. काकूंना वाळवण झाकायला एक ताडपत्री भेट द्यावी. तिचे बिल प्रदूषण नियंत्रणाच्या खर्चात दाखवता येते.