अध्यक्षांचं कपाळ आणि एक काडी रेंज

कोकणातल्या देवस्थानाची, वाचनालयाची नाहीतर आंबा सोसायटीची वेबसाइट बदलायला झाली आहे का, हे कळायला संगणकतज्ज्ञ लागत नाही. कार्यालयातला फोन पुरतो. शिमगा तोंडावर आला की मुंबईहून विचारणा सुरू होते, "काका, पालखी आमच्या वाडीत कधी?" काका ठणकावून सांगतात, "वेबसाइटवर टाकलंय!" टाकलेलं असतंच. 'उपक्रम'मध्ये, त्यात 'वार्षिक'मध्ये, त्यात एका पीडीएफमध्ये. आणि पीडीएफ म्हणजे कागदाचा आडवा काढलेला फोटो. चाकरमानी मान वाकडी करून वाचतो, तेव्हा कळतं की वेळापत्रक गेल्या वर्षीचं आहे.

म्हणून माझं पहिलं सांगणं असतं, फोनजवळ वही ठेवा आणि पंधरा दिवस प्रत्येकाने काय विचारलं ते लिहा. पालखी कधी, भक्तनिवासात खोली आहे का, देणगी कुठे भरायची, यापलीकडे फारसं काही निघत नाही. नेमकं हेच पहिल्या पानावर नसतं. तिथे अध्यक्षांचं मनोगत असतं, ते कोणीच मागितलेलं नसतं.

दुसरी परीक्षा गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर. कार्यालयातल्या वायफायवर साइट झकास उघडते, यात काही मोठेपणा नाही. जिथे एक काडी रेंज येते त्या गडग्यावर चढा आणि स्वस्तातल्या मोबाइलवर उघडा. गूगलच्या हिशेबाने पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला तर उत्तम, चारच्या पुढे गेला तर वाईट. इथे चार सेकंदांत अध्यक्षांचं फक्त कपाळ उतरतं. कारण तो फोटो मोबाइलमधून काढून थेट चढवलेला, 5 एमबीचा. दिसतो मात्र टपाल तिकिटाएवढा. रुंदी 1200 पिक्सेल करून तो वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात साठवला तर बहुतेक वेळा 200 केबीच्या आत बसतो. एवढ्यासाठी नवी साइट करायची गरज नाही. पत्ता https ने सुरू होत नसेल तर क्रोम जुलै 2018 पासून जो 'सुरक्षित नाही' असा शेरा मारतो, त्यासाठीही नाही. https साठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून फुकट मिळतं. त्याचे हजारो रुपये सांगणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावं.

खरं दुखणं जुन्या मराठी फॉन्टचं. कार्यालयाच्या संगणकात तो फॉन्ट असतो, त्यामुळे समितीला सगळं छान दिसतं. मोबाइलवर मात्र त्याच जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं. गूगलच्या लेखी त्या पानावर मराठी नाहीच, मग देवाचं नाव टाकून शोधलं तरी देऊळ सापडणार कसं? मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलला कळणाऱ्या अक्षरसंचात, आणावा लागतो. कन्व्हर्टर बरंचसं काम करतो, पण रफार आणि जोडाक्षरं घसरतात. 'वर्गणी'ची 'वगणी' झाली की खजिनदार आधी ओरडतात. तेव्हा ओळन् ओळ डोळ्यांनी वाचायची, याला पर्याय नाही.

पहिल्या पानावर फिरणारं आरतीचं ताट फ्लॅश या जुन्या हलत्या चित्रांच्या तंत्रात असेल, तर 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅशचाच आधार संपला. आता तिथे करडा चौकोन उरलाय, आणि समितीला वाटतं नेट गेलंय.

पाया बदलायची वेळ कधी? साधी तारीख बदलायला पुण्यातल्या कोणाच्या तरी भाच्याला फोन करावा लागतो, तेव्हा. किंवा साइट पीएचपी या साइट चालवणाऱ्या भाषेच्या जुन्या 5.6 आवृत्तीवर बसलेली असते आणि साइटला जागा देणाऱ्या होस्टिंगवाल्याने आवृत्ती वाढवताच पांढरं पान उरतं, तेव्हा. त्या आवृत्तीची सुरक्षा-दुरुस्ती 2018 अखेरीसच थांबली. शेजारच्या गावाने नवी साइट केली, हे कारण मी धरत नाही. मात्र ठराव बहुधा त्याच कारणाने मंजूर होतो.

मंजूर झाला की आधी डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कोणाच्या नावावर आहे ते बघा. भाच्याच्या नावावर निघालं तर गोड बोलून संस्थेच्या नावावर करून घ्या. मग जुन्या पानांचे पत्ते लिहून काढा आणि प्रत्येक पत्ता 301, म्हणजे 'कायमचा हलला' ही खूण, लावून नव्या पानाकडे वळवा. नाहीतर छापून ठेवलेल्या पावतीपुस्तकांवरचा क्यूआर कोड देणगीदाराला 'पान सापडले नाही'वर नेऊन सोडतो.

मुहूर्ताचं बघाल तर शिमग्यात नको, आंब्यात माणूस मिळत नाही, गणपतीत तर नावच काढू नका. उरला मिरगानंतरचा पाऊस, आणि तेव्हा लाइट नसते. मजकूर आणि फोटो मे अखेरपर्यंत पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, आणि समितीला सांगताना जूनची तारीख सांगा, म्हणजे ऑगस्टपर्यंत होईल.