भाजीचा हिशेब मला विचारू नका

आज घरी पाहुणे आले होते. चहा झाल्यावर गॅलरीत गेले, कुंड्या बघितल्या आणि पहिलाच प्रश्न टाकला, "माती, खत, पाणी सगळं धरलं तर हा एक टोमॅटो केवढ्याला पडतो?" वर आणखी, "वेळ बरा मिळतो तुम्हाला!" बाबा तिथेच खुर्चीवर बसले होते. काही न बोलता उठून आत गेले. तेव्हापासून माझं डोकं तापलंय.

केवढ्याला पडतो म्हणजे काय? समुद्रावर जाऊन आलेल्या माणसाला आपण विचारतो का, की सूर्यास्त केवढ्याला पडला म्हणून?

विकतचा टोमॅटो लांबचा प्रवास सोसावा म्हणून बहुतेक वेळा हिरवा किंवा जेमतेम रंग धरलेला असतानाच तोडतात. पुढे तो वाटेत पिकतो किंवा इथिलीन हा फळं पिकवणारा वायू देऊन पिकवतात. लाल होतो, पण वेलावर पिकल्याची चव त्याला येत नाही. मग आपण तो फ्रिजमध्ये ठेवतो आणि थंडीने उरलासुरला वासही घालवतो. मटाराचंही तसंच. शेंग तोडली की दाण्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, म्हणून उभ्या उभ्या सोलून खाल्लेला दाणा वेगळाच लागतो. ही चव दुकानात मिळतच नाही, तर तिची किंमत कशी काढणार?

आणि वेळेचं म्हणाल, तर बाबांकडे खरंच वेळ होता. नको इतका होता. निवृत्त झाल्यावर माणूस गप्प झाला होता. पेपर वाचायचा, घड्याळ बघायचं, परत तोच पेपर. त्या सुमारास मी मोठ्या ड्रममध्ये लाल भोपळा लावला होता. वेल कठड्यावर चढली, पिवळीधमक फुलं आली आणि गळून गेली. बाबांनी विचारलं, "फळ का धरत नाही गं?" कितीतरी दिवसांनी त्यांनी स्वतःहून काही विचारलं होतं.

भोपळ्याला आधी नर फुलं येतात, लांब बारीक देठाची. मादी फूल मागून येतं, त्याच्या बुडाशी इवलासा भोपळा असतो. ते पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. तेवढ्या वेळात मधमाशी आली नाही तर तो इवला भोपळा पिवळा पडून गळतो. आमच्या मजल्यावर मधमाश्या फिरकत नाहीत. मग नर फूल खुडायचं, पाकळ्या काढायच्या आणि आतले पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवायचे. हे काम बाबांनी मागून घेतलं. उजाडायच्या आत गॅलरीत हजर! पहिलं फळ फुगायला लागलं तेव्हा मला उठवून दाखवायला नेलं. त्याच्या भाराने वेल तुटू नये म्हणून जुन्या कापडाची झोळी शिवली आणि कठड्याला बांधली, तीही त्यांनीच.

त्या माणसासमोर आज कोणी टोमॅटोचा भाव काढला. राग येणार नाही तर काय?

हो, कुंड्यांवर घर चालत नाही. आमच्याकडेही भाजी विकत येतेच आणि ती पिकवणाऱ्यांच्या जिवावरच आपण जेवतो. ज्यांच्या घरात ऊनच येत नाही त्यांना मी काही सांगू शकत नाही, हेही मान्य. पण म्हणून ज्याला जमतंय त्याला नाउमेद कशाला करायचं?

तसाच राग मला "कुठेही लावा, भरघोस पीक घ्या" म्हणत महागडे संच विकणाऱ्यांचा येतो. टोमॅटो, मिरचीला रोज सहा तास तरी थेट ऊन लागतं. सावलीत रोप नुसतं उंच वाढतं, फळ धरत नाही आणि बिचारा माणूस समजतो की आपल्या हातालाच गुण नाही. ऊन कमी असेल तर पालक लावा, कोथिंबीर लावा. धने हलके रगडून दोन भाग करून पेरा, आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. कुंडीला खाली भोक हवंच. आणि रोज पाणी ओतू नका, बोट मातीत खुपसून बघा, वरची माती सुकली असेल तरच घाला. मुळं कुजून मरणारी रोपं तहानेने मरणाऱ्यांपेक्षा जास्त असतील असं मला वाटतं. पालक मुळासकट उपटू नका, बाहेरची पानं खुडा, आतून नवी येत राहतात.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. मघाशी बाबांनी मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पडलेलं मिरचीचं रोप साबणाच्या पातळ पाण्याने धुतलं. पाहुण्यांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

टोमॅटोची रोपं यंदा जास्तीची झाली आहेत. चार-पाच पानांवर आली की देईन. ज्यांच्याकडे ऊन आहे त्यांनी कळवा आणि येताना रिकामे डबे आणा. काही अडलं तर बाबांना विचारा, त्यांना सांगायला आवडतं. फक्त सकाळी लवकर फोन करू नका, तेव्हा ते गॅलरीत असतात.