प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयाचे प्रक्षेत्र पाहून या

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की गावाकडून, पाहुण्यांकडून आणि बँकेच्या जुन्या खातेदारांकडून मला एकाच विषयावर फोन येऊ लागतात. मी स्वतः कृषी पदवीधर असून गेली एकवीस वर्षे एका बँकेत कृषी अधिकारी म्हणून काम करतो आहे, त्यामुळे ‘पोराला बी.एस्सी. अ‍ॅग्रीला घालायचे आहे, स्वस्तातले आणि चांगले कॉलेज सांगा’ ही विचारणा मला नवी नाही. यंदा मात्र हा प्रश्न माझ्या घरातूनच आला. माझ्या भाचीला सीईटीत बरे गुण मिळाले आहेत, फार चांगले नाहीत. दाजींची चार एकर जिरायत जमीन आहे. घरापासून वीस किलोमीटरवर एक खासगी कृषी महाविद्यालय आहे, आणि मागील वर्षांचे कटऑफ पाहता अडीचशे किलोमीटर दूर असलेल्या एका सरकारी महाविद्यालयात तिला जागा मिळण्याची शक्यता आहे. ‘मामा, पसंतीक्रमात वर काय टाकू?’ असे तिने विचारले, तेव्हा दोन मिनिटांत उत्तर देऊन मोकळे होणे मला जमले नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

माझे मत आधीच सांगतो. कृषी शाखेत फी कमी असलेले महाविद्यालय स्वस्त असेलच असे नाही. ज्या महाविद्यालयाकडे स्वतःचे पिकते प्रक्षेत्र, म्हणजे शिकण्या-शिकवण्यासाठीची शेती आहे आणि त्या प्रक्षेत्रावर मुलांना घेऊन जाणारे पूर्णवेळ शिक्षक आहेत, तेच शेवटी स्वस्त पडते. या दोन गोष्टी नसतील, तर निम्म्या फीत मिळालेली पदवीसुद्धा महागच समजावी.

ज्यांच्या घरात या क्षेत्रात आधी कोणी गेलेले नाही, त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. त्यांची स्वतःची महाविद्यालये आहेत आणि त्यांना संलग्न असलेली खासगी महाविद्यालये संख्येने त्यांच्या कितीतरी पट आहेत. अभ्यासक्रम सर्वत्र एकच, चार वर्षांचा आणि आठ सत्रांचा असतो. पदवी विद्यापीठाची मिळत असल्यामुळे गुणपत्रिकेवरून महाविद्यालयातला फरक ओळखू येत नाही, आणि खासगी संस्थांची माहितीपत्रके नेमका याच गोष्टीचा आधार घेतात. ‘पदवी तर तीच आहे ना?’ असे विचारले की पालकही गप्प बसतात. पदवी तीच असते हे खरे आहे, पण ती घेऊन बाहेर पडणारा मुलगा तोच नसतो.

हे मला नेमके केव्हा उमगले, ते सांगतो. सातव्या सत्रात ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी मुले खेड्यात राहतात. त्यांना गावात कृषिदूत आणि मुलींना कृषिकन्या म्हणतात. मी कृषिदूत असताना एका मोसंबीच्या बागेत झाडे पिवळी पडलेली पाहून मोठ्या आत्मविश्वासाने नत्राची कमतरता असल्याचे सांगितले आणि युरियाची मात्राही सांगून टाकली. बागेचे मालक सत्तरीचे होते. त्यांनी एक फांदी खाली ओढली आणि म्हणाले, ‘सायेब, पिवळं शेंड्याला हाये, बुडाला न्हाई.’ पुस्तकातले वाक्य मला पाठ होते, पण ते डोळ्यांत उतरले नव्हते. नत्र झाडात सहज हलते, त्यामुळे त्याची उणीव जुन्या पानांवर आधी दिसते. लोह हलत नाही, म्हणून त्याची उणीव कोवळ्या पानांवर दिसते आणि शिरा हिरव्याच राहतात. ती जमीन चुनखडीची होती, म्हणजे मातीत लोह असूनही मुळांना ते मिळत नव्हते. त्या संध्याकाळी आमच्या मृदाशास्त्राच्या सरांनी मला पुन्हा त्याच बागेत नेले, तिथल्या मातीवर आम्ल टाकून ती कशी फसफसते ते दाखवले आणि त्या आजोबांसमोरच माझी चूक समजावून सांगितली. आज ठिबकाच्या किंवा फळबागेच्या कर्जप्रकरणासाठी पाहणीला जातो, तेव्हा मी आधी झाडाचा शेंडा पाहतो. एवढी सवय लावण्यासाठी मृदाशास्त्राचे पूर्णवेळ सर हवे होते, त्यांच्याकडे वेळ हवा होता आणि महाविद्यालयाकडे गाडीसाठी पैसे हवे होते.

याउलट, आमच्या शेजारच्या एका मुलाने ज्या महाविद्यालयात चार वर्षे काढली, तिथे ठिबक संच फळ्यावर काढून शिकवला गेला. प्रात्यक्षिकाच्या वह्या मागच्या वर्षीच्या मुलांकडून उतरवून घेतल्या जात आणि एकच शिक्षक तीन विभागांच्या हजेरीपटावर सह्या करीत असत. मुलगा हुशार होता, प्रथम श्रेणीत उत्तीर्णही झाला. नोकरीच्या मुलाखतीत त्याला व्हेंच्युरी, म्हणजे ठिबकातून खत सोडण्याचे साधन, हातात देऊन ‘हे काय आहे?’ असे विचारले, तेव्हा त्याला ते ओळखता आले नाही. त्याच्या वडिलांनी मात्र फीचा एकही हप्ता चुकवला नव्हता.

म्हणून माझा आग्रह असा की, पसंतीक्रम भरण्याआधी महाविद्यालयात स्वतः जाऊन यावे आणि कार्यालयात बसण्याऐवजी थेट प्रक्षेत्रावर जावे. प्रक्षेत्र किती एकरांचे आहे हे विचारावेच, पण त्यावर या खरिपात काय पेरले आहे आणि ते कोणी पेरले, हेही विचारावे. विद्यार्थ्यांच्या नावाच्या पाट्या असलेले वाफे आहेत का, रोपवाटिकेत रोपे आहेत की नुसते तुटलेले शेडनेट आहे, गोठ्यात जनावरे आहेत का, हे पाहायला अर्धा तास पुरतो. मृदा प्रयोगशाळेच्या सिंककडेही एकदा नजर टाकावी, कारण सिंक कोरडे ठणठणीत असेल तर तिथे माती तपासली जात नाही हे उघड आहे. त्यानंतर तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन मुलांना चहाला बोलवावे. प्राचार्य जे सांगणार नाहीत ते मुले दहा मिनिटांत सांगतात. कृषीविद्या, मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र आणि उद्यानविद्या या विषयांचे पूर्णवेळ शिक्षक किती आहेत, एवढा एकच प्रश्न त्यांना विचारला तरी चालेल.

मान्यतेच्या बाबतीत मात्र मुलांच्या सांगण्यावर विसंबून राहू नये. भारतीय कृषी संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएआरची अधिस्वीकृती आहे की नाही, हे कागदावर पाहावे. अलीकडे काही खासगी विद्यापीठेही बी.एस्सी. अ‍ॅग्री चालवतात आणि त्यांच्या इमारती पाहून आपण दिपून जातो. पुढे राष्ट्रीय पातळीवरील परीक्षेतून एम.एस्सी.ला जायचे झाले, तर अधिस्वीकृती नसलेल्या ठिकाणची पदवी आडवी येते, आणि ते कळेपर्यंत चार वर्षे निघून गेलेली असतात.

आता दूरच्या सरकारी आणि जवळच्या खासगी महाविद्यालयाचा हिशेब. दाजींचे म्हणणे असे की, घरून जाऊन-येऊन केले तर वसतिगृह आणि मेस दोन्ही वाचेल. हे गणित वरवर बरोबर दिसते. पण सरकारी आणि खासगी विनाअनुदानित महाविद्यालयाच्या शिक्षण शुल्कातील फरकाला चारने गुणले, तर वसतिगृहाचा बराचसा खर्च तिथेच निघतो. त्यातच 2024-25 पासून राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील, इतर मागास वर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ केले असून कृषी शाखा त्यात येते. प्रवेश मात्र केंद्रीय प्रक्रियेतूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून आत गेलात तर हा हक्क जातो. मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, आणि अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. हे सर्व अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर भरावे लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला आणि सातबारा आधीच काढून ठेवावा, कारण ऐन जुलैत सेतू केंद्रासमोर जी रांग लागते ती प्रवेशाच्या तारखेची वाट पाहत नाही. सातबाऱ्याचा उपयोग प्रवेशाच्या वेळीही होतो, हे शेतकरी कुटुंबांना बहुधा माहीत असते.

घराबाहेर राहण्याचा आणखी एक फायदा आहे, जो हिशेबाच्या वहीत येत नाही. कृषी महाविद्यालयाची प्रात्यक्षिके सकाळी लवकर असतात. परागीभवन, फवारणी, दूध काढणे या गोष्टी एसटीच्या वेळापत्रकावर चालत नाहीत. घरून जाणारी मुले नेमकी याच गोष्टींना मुकतात.

कोणत्या विद्यापीठाच्या क्षेत्रात शिकायचे, याचाही विचार व्हावा असे मला वाटते. दापोलीच्या विद्यापीठाने आंब्याच्या रत्ना आणि सिंधू या जाती दिल्या, वेंगुर्ल्याच्या केंद्राने काजूच्या जाती दिल्या. भात, आंबा, काजू ज्याला शिकायचा आहे त्याने तिकडे जावे. राहुरीच्या विद्यापीठाचे भगवा डाळिंब आणि पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचे काम पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. कोरडवाहू ज्वारी, तूर, सोयाबीन आणि कापूस यांच्यासाठी परभणी आणि अकोला. भाचीच्या घरची जमीन जिरायत आहे, म्हणून परभणीकडचे महाविद्यालय मिळाले तर मला आनंदच होईल. बदनापूरच्या संशोधन केंद्राची तूर तिच्या वडिलांच्या रानात गेली दोन वर्षे उभी आहे. आणि केवळ ‘अ‍ॅग्री’वरच अडून बसण्याचेही कारण नाही. परभणीचे अन्नतंत्रज्ञान, राहुरीचे कृषी अभियांत्रिकी, रत्नागिरीजवळच्या शिरगावचे मत्स्यशास्त्र या पदव्यांना कामाच्या वाटा आहेत, पण आपल्याकडे त्या दुसऱ्या पसंतीच्या मानल्या जातात.

आता थोडे कटू लिहितो. आमच्या शाखेतला सर्वांत मोठा खर्च पदवीनंतर सुरू होतो. पदवी हातात पडली की मुले पुण्याला खोली घेतात, अभ्यासिका लावतात आणि राज्यसेवा, कृषिसेवा, बँक अशा परीक्षांची तयारी करीत तीन, चार, कधी सहा वर्षे काढतात. मीही एका परीक्षेतूनच नोकरीला लागलो, त्यामुळे परीक्षांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण जागा मोजक्या असतात आणि जाहिराती वेळेवर निघत नाहीत, हे घरात कोणी मोकळेपणाने बोलत नाही. चार वर्षांची फी वाचवली म्हणून समाधान मानणारा बाप पुढे पेठेतल्या खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे त्याच चार एकरांतून पाठवत राहतो. महाविद्यालय निवडतानाच ‘परीक्षा निघाली नाही तर माझ्या हाताला काय येते?’ हा प्रश्न विचारला, तर प्रक्षेत्राचे महत्त्व आपोआप पटते. कलम बांधता येणारा, माती परीक्षणाचा अहवाल शेतकऱ्याला समजेल अशा मराठीत सांगू शकणारा पदवीधर बियाणे कंपनीत, शेतकरी उत्पादक कंपनीत किंवा स्वतःच्या रोपवाटिकेत उभा राहतो. केंद्राच्या कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजनेत 45 दिवसांचे प्रशिक्षण घेऊन कर्जाला अनुदानही मिळते; सर्वसाधारण गटाला 36 टक्के, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना 44 टक्के. माझ्याकडे या योजनेत आलेल्या प्रकरणांपैकी जी टिकली, त्यांच्यामागे हाताने काम केलेली मुले होती, एवढे मी अनुभवावरून सांगू शकतो.

ज्यांना चार वर्षे काढण्याचीच शाश्वती नाही, त्यांनी एक नवी सोय लक्षात ठेवावी. 2024-25 पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. त्यासाठी दहा आठवड्यांचे प्रत्यक्ष काम करावे लागते. घरची अडचण आली म्हणून मध्येच शिक्षण सोडणाऱ्या मुलाच्या हाती पूर्वी काहीच राहत नसे.

भाचीला मी अजून अंतिम उत्तर दिलेले नाही. सरकारी महाविद्यालय वर टाकावे, असे माझे मन सांगते, पण वीस किलोमीटरवरच्या खासगी महाविद्यालयावर न पाहताच फुली मारणे अन्यायाचे होईल. खासगीतही मनापासून शिकवणारी दोन-चार महाविद्यालये मी पाहिली आहेत. येत्या शनिवारी मी, ती आणि दाजी तिथे जाणार आहोत. परवाच्या पावसाने तिकडची काळी राने चिखल झाली असतील, म्हणून तिला सांगितले आहे की चपला नकोत, बूट घालून ये.