शुगरचा रिपोर्ट आणि पोटातला गोळा

मला शुगर निघाली त्याला 11 वर्षं झाली. गोळ्या अंगवळणी पडल्या, पण रिपोर्ट उघडताना पोटात येणारा गोळा काही गेला नाही. आता रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर येतो, तरी तेच.

मागच्या वेळी एचबीएवनसी (रक्तातल्या सरासरी साखरेची टेस्ट) 8.4, म्हणजे जास्तच. डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "पथ्य पाळत नाही वाटतं?" पन्नाशी ओलांडलेला मी, छडी खायला हात पुढे करणाऱ्या पोरासारखा उभा. त्यांनाही किती दोष देणार? देशात आम्ही शुगरवाले 10 कोटींच्या वर (आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेचा 2023 चा आकडा) आणि बाहेर बाकावर वीसजण ताटकळलेले. तपासणीआधी चार दिवस भात सोडूनही बघितलाय. उपयोग शून्य. साखर रक्तातल्या लाल पेशींना चिकटते आणि त्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, त्यामुळे ही टेस्ट मागच्या दोन-तीन महिन्यांचं सगळं ओकते.

या त्रासाला 'डायबेटिस डिस्ट्रेस' म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. डिप्रेशन वेगळं, हे वेगळं. 1995 साली अमेरिकेत विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी तो मोजायला 'पेड' (प्रॉब्लेम एरियाज इन डायबेटिस) प्रश्नावली आणली, आता ती 20 प्रश्नांची असते. पुढे काय होईल याची धास्ती, पथ्य मोडल्यावर मनाला लागणारी टोचणी, एकटं पडल्यासारखं वाटणं... 20 पैकी 13 ठिकाणी मी मान डोलावली.

माझ्या मते यातली टोचणीच सगळ्यात घातक. भीतीपोटी मी निदान दवाखान्यात तरी गेलो, लाजेपोटी मात्र आठ महिने रक्तच तपासलं नाही. आकडा दिसला नाही की गुन्हाही नाही! वर ताणाने कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढतं, त्याने साखर वाढते. म्हणजे जिलबी न खाता, नुसती बोलणी खाऊनही शुगर वाढू शकते.

बोलणारे तर पंगतीपंगतीला भेटतात. "अहो, तुम्हाला चालतं का?" असं विचारणाऱ्या काकू लगेच कारल्याचा रस सुचवतात आणि कुणाचा तरी पाय कापल्याची गोष्ट सांगतात. प्रेमानेच सांगतात, मान्य. पण त्या गोष्टीने कुणाची शुगर उतरलेली मी पाहिली नाही. आणि 'कंट्रोल नाही' म्हणजे कुणाचा, कशावर? तेच जेवण, तीच गोळी, तेवढंच चालणं. तरी सोमवारी उपाशीपोटी 118, मंगळवारी 161. कधी झोप कमी, कधी सर्दी, कधी कारण सापडतच नाही.

11 वर्षांत एकदाच, एका आहारतज्ज्ञ बाईंनी माझी वही चाळताना विचारलं, "कंटाळा येतो का हो या सगळ्याचा?" मी "छे" म्हणालो आणि खाली येऊन दहा मिनिटं स्कूटरवर नुसता बसून राहिलो. वहीत 150 च्या वरच्या प्रत्येक आकड्याखाली लाल रेघ होती. ती मीच मारलेली.